कल्पिताच्या लग्नातले गिअर ऑइल

ज्या गोष्टी माणसाला दिसत नाहीत, त्यांच्याविषयी त्याचे मत सर्वांत ठाम असते. परलोक, शेजाऱ्याचा पगार आणि पिकअपच्या डिफरेन्शियलमधले तेल या तीन विषयांवर मत नसलेला प्रौढ मनुष्य शीळफाटा ते टिटवाळा या पट्ट्यात अद्याप आढळलेला नाही. (शोध जारी आहे.)

डिफरेन्शियल म्हणजे पिकअपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध असलेला लोखंडी गोळा. वळणावर बाहेरचे चाक जास्त पळते, आतले कमी. दोघांचाही मान राखून दोघांना एकाच गाडीला जुंपून ठेवण्याचे काम या गोळ्यातली चक्रे करतात. संसार याहून वेगळा नसतो. फक्त डिफरेन्शियलमध्ये ठरावीक किलोमीटरनंतर तेल बदलण्याची सोय आहे.

आमच्या गावच्या राघोभाऊंनी ही सोय सहा वर्षे वापरली नव्हती. राघोभाऊ मूळचे भातशेतीवाले. शेतावर गोदामे उभी राहिली, तेव्हा त्यांनी पिकअप घेतली आणि लोकांच्या लग्नातले मांडवाचे सामान वाहू लागले. एकुलती एक मुलगी कल्पिता कल्याणच्या एका दवाखान्यात नर्स. तिचे लग्न डोंबिवलीच्या मितेशशी ठरले, आणि तिने एकच अट घातली: टिटवाळ्याच्या हॉलपर्यंत पिकअप ती स्वतः चालवत नेणार. ती गाडी चालवायला शिकली होती ती याच पिकअपवर. हल्ली नवऱ्या बुलेटवरून येतात, आमच्या पलीकडच्या गावची एक जेसीबीच्या खोऱ्यात उभी राहून आली. त्या मानाने पिकअप म्हणजे साधेपणाच.

लग्नाला अकरा दिवस उरले असताना पिकअप मागून गुणगुणू लागली. वेग चाळीसच्या पुढे गेला की खाली कोणीतरी भुंगा डबीत कोंडल्यासारखा आवाज. राघोभाऊंनी गाडी फाट्यावरच्या प्रशांतच्या गॅरेजला नेली. प्रशांत गाडीखाली गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "भाव, तेल बदलाय लागंल. पन आदी आत काय हाय ते बगू का? दहा मिनटांचं काम हाय."

राघोभाऊ हो म्हणणार होते. दुर्दैवाने त्या वेळी गॅरेजमध्ये आणखी दोन व्यक्ती उपस्थित होत्या. एक, कल्पिताचे सख्खे मामा भिवा, ज्यांनी मिठागरांवर तीस वर्षे ट्रक चालवला. दुसरे, मितेशचे वडील श्रीपादराव, सरकारी खात्यातून निवृत्त, जे पत्रिका द्यायला आले होते आणि राघोभाऊंबरोबर सहज गाडीत बसून आले होते.

"एकशेचालीस नंबर टाक," भिवामामा म्हणाले. "जाड तेल. गिअरला धरून ऱ्हातंय."

"क्षमा करा," श्रीपादराव म्हणाले, "पण गाडीच्या पुस्तिकेत नव्वद असं स्पष्ट छापलेलं आहे. पातळ तेल."

"पुस्तक काय गाडीखाली जातंय?"

"नाही. म्हणूनच ते स्वच्छ आहे."

यानंतर गॅरेजमध्ये जी ठिणगी पडली, ती दोन्ही घराण्यांच्या संबंधातली पहिली होती. तोपर्यंत हॉल, जेवण, बँड आणि आहेराच्या साड्या हे सर्व पंचवीस मिनिटांत ठरले होते. दोन्ही बाजू इतक्या समजूतदार होत्या की भांडायला काहीच शिल्लक नव्हते. ती उणीव आता भरून निघाली.

लोकशाही मार्गाने 'डिफरेन्शियल तेल निवड संयुक्त समिती' स्थापन झाली. वधूपक्षाचे चार, वरपक्षाचे चार, आणि सचिव म्हणून मी. कारण मी निवृत्त शिक्षक, माझे अक्षर बरे, आणि मी राघोभाऊंच्या समोरच राहतो. सचिवाला मत नव्हते, चहा होता.

समितीचे काम आदर्श म्हणावे असे झाले. पहिल्या बैठकीत बैठकीचे ठिकाण ठरले. दुसरीत पहिल्या बैठकीतला एक शब्द मागे घेण्यात आला (तो शब्द 'खेडवळ' होता, बदल्यात वधूपक्षाने 'फायलीतला उंदीर' मागे घेतला). तिसरीत श्रीपादरावांनी पुस्तिकेच्या चौदा रंगीत झेरॉक्स प्रती वाटल्या. भिवामामांनी उत्तरादाखल शर्टाची बाही वर करून आपला दंड दाखवला आणि हा दंड एकशेचाळीसच्या गाड्या चालवून झाला आहे असे निवेदन केले. निवेदनाची नोंद घेण्यात आली. एकूण चहा एकशे बारा कप. वडे दोनशेच्या आसपास. डिफरेन्शियल उघडून पाहिलेले सदस्य, शून्य.

तज्ज्ञ म्हणून प्रशांतला दोनदा बोलावले. दोन्ही वेळा त्याने एकच विचारले, "आत काय हाय ते बगू का?" समितीने त्याला समजावून सांगितले की पाहणी ही निर्णयानंतरची पायरी आहे, आधी पाहिल्यास सदस्यांच्या मतांवर अनिष्ट परिणाम होऊ शकतो. दरम्यान मितेशने लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले, 'रिक्षाने आली तर?' त्याला नवरदेव असूनही तीन दिवसांसाठी ग्रुपमधून काढण्यात आले.

"पप्पा, तेल कधी बदलणार?" कल्पिता रोज ड्युटीवरून आली की विचारायची.

"ठरतंय बाय."

"आमच्याकडे पेशंट असा ठेवला ना, तर नातेवाईक काचा फोडतील."

"हितं नातेवाईकच ठरवतात," राघोभाऊ म्हणाले.

आठव्या दिवशी प्रकरण हाताबाहेर गेले. श्रीपादराव म्हणाले की आता प्रश्न तेलाचा राहिलेला नाही, छापील शब्दाला या घरात किंमत आहे की नाही याचा आहे. भिवामामा उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "मंग माज्या शब्दाची पन किंमत कलली. मी लग्नाला येत नाय."

शेवंतीवहिनी, म्हणजे कल्पिताची आई, स्वयंपाकघरातून हातात पीठ तसेच घेऊन बाहेर आल्या. "माजा भाव नाय आला तं पोरीला मांडवान कोन आनील? तेल आनील का?"

त्या संध्याकाळी राघोभाऊ जेवले नाहीत. पिकअपच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसून राहिले. मी शेजारी जाऊन बसलो. "मास्तर," ते म्हणाले, "शेकडो लग्नांचा मांडव वाह्यला या गारीनी. एकदा पन कुनाचं लग्न मोडलं नाय."

हे ऐकून माझ्यातला शिक्षक जागा झाला. मी सदतीस वर्षे अंकगणित शिकवले आहे. नव्वद अधिक एकशेचाळीस, भागिले दोन: एकशे पंधरा. एक लिटर वरपक्षाचे पातळ, एक लिटर वधूपक्षाचे जाड. दुसऱ्या दिवशी मी हा प्रस्ताव मांडला आणि सभागृहात (म्हणजे राघोभाऊंच्या ओट्यावर) इतका आनंद झाला की दोघे पुढारी एकमेकांच्या गळ्यात पडले. एकशे पंधरा नंबरचे तेल जगात कोणी बनवत नाही, ही बाब त्याच्या बाजूने सर्वांत मोठी ठरली. ते आधी कोणाचेच नव्हते. प्रशांतला निरोप गेला: रविवारी सकाळी दोन डबे आणणे, पांढऱ्यात नव्वद, लालमध्ये एकशेचाळीस.

रविवारी लग्न. मुहूर्त संध्याकाळी सहा सत्तेचाळीस. सकाळी तेल बदलण्याचा समारंभ, त्याची कार्यक्रमपत्रिका मीच लिहिली होती: सव्वानऊ, खालचे बूच उघडणे, वरपित्याच्या हस्ते. पावणेदहा, वरचे बूच उघडून तेल भरणे, मामांच्या हस्ते.

"थांबा," प्रशांत म्हणाला. "आदी वरचं बूच खोला. वरचं खुललं तरच खालच्याला हात लावायचा."

"पत्रिकेत क्रम दिलेला आहे," श्रीपादराव म्हणाले.

"छापलेला नसला तरी लिवलेला हाय," भिवामामांनी प्रथमच त्यांची बाजू घेतली. इतक्या मोठ्या सलोख्यापुढे तांत्रिक मुद्दा टिकणे शक्य नव्हते.

नारळ फुटला. श्रीपादराव सदऱ्याला टॉवेल गुंडाळून गाडीखाली गेले आणि खालचे बूच उघडले. सहा वर्षांचे तेल काळ्या काकवीसारखे ओघळत आले, त्यात चांदीच्या वर्खासारखी लोखंडाची चमक. टाळ्या झाल्या. बूच परत बसवले. मग भिवामामा वरच्या बुचाला भिडले. पाना लावला, हलले नाही. पान्यात पाइप अडकवून ओढला. बुचाचे सहा कोपरे एकेक करून गेले आणि शेवटी ते लाडवासारखे गोल झाले. पान्याला धरायला काहीच उरले नाही.

म्हणजे आता जुने तेल बाहेर होते, नवे डब्यात होते आणि नवरी हळदीत होती.

"बिनतेलाची गारी फाट्याच्या पुडं जायाची नाय," प्रशांत म्हणाला. "आतले गिअर जलून जातील." बुचावर लोखंड वेल्ड करून ते फिरवता आले असते; पण गावातला वेल्डिंगवाला आदल्या संध्याकाळी कल्पिताच्या हळदीत इतका नाचला होता की कंबर धरून पडला होता. दुसऱ्या गाडीचा विषय कोणी काढला नाही. तो मितेशने काढला असता, पण त्याला नुकतेच ग्रुपवर परत घेतले होते आणि तो जपून होता.

भिवामामा खाली मान घालून म्हणाले, "माज्या हातानं झालं." श्रीपादराव म्हणाले, "नाही, नाही. पत्रिका." सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

तेवढ्यात कल्पिता बाहेर आली. जुना गाऊन, कोपरापर्यंत मेंदी, कानामागे हळद. ती गोणपाटावर आडवी झाली आणि गाडीखाली सरकली.

"प्रशांतदादा, वर ही टोपी कसली?"

"ब्रीदर. आतली गरम हवा बाहेर जाते तिच्यातनं. श्वास म्हन ना."

"म्हणजे नाक?"

"हां. नाकच."

"मग अडलंय कुठे? तोंड उघडत नसेल तर नाकातून नळी घालतात. मी रोज घालते."

दहा मिनिटांत नाक्यावरच्या मेडिकलमधून पेशंटला नाकातून अन्न देण्याची नळी आली आणि पन्नास मिलिलिटरची एक जाडजूड सिरिंज. प्रशांतने ब्रीदर काढला. कल्पिताने नळी हलक्या हाताने आत सरकवली. सवयीने डिफरेन्शियलला "झालं हां, झालं" असेही म्हणाली. दोन लिटर म्हणजे चाळीस सिरिंजा. मी ताबडतोब वाटणी केली: प्रत्येक पक्षाला वीस, आळीपाळीने, मानाच्या क्रमाने.

असा सोहळा मी पाहिलेला नाही. पहिली सिरिंज श्रीपादरावांची, पांढऱ्या डब्यातून. "पहा, कसं अलगद जातंय!" दुसरी भिवामामांची, लाल डब्यातून. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. "बगा! जाड हाय म्हनून जोर लागतंय!" मग मावश्या, आत्या, काका. लग्नात धवले गाणारी म्हातारी धवलारीण आली होती. तिला वाटले हाही एखादा विधीच, तिने गाणे धरले. शेवंतीवहिनी हसत हसत रडल्या की रडत रडत हसल्या ते सांगता येणार नाही, पण त्यांची सिरिंज सर्वांत सरळ गेली. मोजण्यात घोटाळा नको म्हणून कल्पिता प्रत्येक सिरिंजेला फळीवर हळदीचे एक बोट ओढत होती. चाळिसावी राघोभाऊंची. ती ढकलताना मुलीने खालून हात लावला.

पावणेचारला गाडी निघाली. कल्पिता शालू खोचून स्टिअरिंगवर, शेजारी राघोभाऊ; मागे श्रीपादराव, भिवामामा, मी आणि चौदा पातेली. वेग चाळीस झाला. आवाज नाही. पन्नास. नाही. कल्याणच्या पुलावर तासभर अडकलो, आंबिवलीला उजेड कलू लागला. सगळे खालून न येणारा आवाज ऐकत होते. मागच्या काचेतून मला राघोभाऊ डोळे पुसताना दिसले. टिटवाळ्याच्या हॉलच्या दारात नवरीने गाडी एकाच झटक्यात रिव्हर्स लावली तेव्हा सहा वाजून छत्तीस मिनिटे झाली होती. मामांनी तिला खाली उतरवले, हात धरून मांडवात नेले, आणि लग्न लागले.

दोन्ही पक्ष जिंकले. पंगतीत श्रीपादराव सांगत होते की गाडी जी हलकी पळाली ती नव्वदमुळे. भिवामामा सांगत होते की आवाज जो दाबला तो एकशेचाळीसने. प्रत्येकाच्या भोवती ऐकणारे होते आणि त्यांतल्या कित्येकांनी त्याच पंगतीत आपला पक्ष निवडला.

माझ्या पानाशेजारी प्रशांत बसला होता. जिलेबी मोडता मोडता तो हळूच म्हणाला, "मास्तर, दोन्ही डब्यांत एकाच पिंपातलं होतं. गॅरेजला दुसरं तेलच नव्हतं."

मी म्हटले, "मग सांगितलं का नाहीस?"

"कोनी विचारलंच नाय, डब्यात काय हाय."

मग मी त्याला विचारले की त्या पिंपावर कोणता नंबर होता. त्याने सांगितला. दोन घरांची शांतता आणि सचिवपदाची गुप्तता लक्षात घेऊन मी तो कोठेही नोंदवलेला नाही आणि येथेही नोंदवणार नाही.

वाचकहो, आपल्याकडे पिकअप नाही. डिफरेन्शियल ही वस्तू आपल्याला आजच भेटली. तरीही मधल्या एखाद्या परिच्छेदात आपण मनातल्या मनात एक नंबर धरलात, त्या नंबरवाल्यांच्या बाजूने हसलात, आणि आता तोच निघावा अशी आपली इच्छा आहे. लाजण्याचे कारण नाही. समितीत एक जागा रिकामी झाली आहे. अर्ज सुवाच्य अक्षरात करावा.