आव्हानवीराचे वकील

आमच्या शालिग्रामभाऊंनी आजवर एकाही जगज्जेत्याची बाजू घेतलेली नाही. बुद्धिबळाची जगज्जेतेपदाची लढत सुरू झाली, की भाऊ आव्हानवीराच्या गोटात. आणि चुकूनमाकून तो जिंकलाच, तर दुसऱ्या दिवशी त्यालाही सोडून देतात. "तो आता गादीवर बसला. त्याले आता आपली काय गरज?"

नांदुऱ्यात आमची घरं समोरासमोर. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, मी गणित शिकवून दमलेला मास्तर. दिवसभर पोरांशी डोकं लावायचं आणि संध्याकाळी भाऊंशी, अशी माझी डबल ड्यूटी. मी मान खाली घालून हळूच फाटक उघडतो, पण रस्त्यापलीकडून हाक येतेच. "मास्तर! पटावर या!"

पट म्हणजे रंगवलेला प्लायवूडचा तुकडा. एक हत्ती कधीच हरवला, त्याच्या जागी मलमाची रिकामी डबी उभी असते. पेपरात आलेला डाव भाऊ त्यावर मांडतात, पण नियम त्यांच्या वडिलांनी शिकवलेले, गावाकडचे. त्या खेळात राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. त्यामुळे जगज्जेत्यानं समोरच्याला कितीही कोंडलं, तरी भाऊंचं बोट राजावर.

"कोंडला कुठी? राजाची उडी बाकी हाये न!"

"भाऊ, तिकडे हा नियम नाही."

"मंग तिकडचा नियम चुकीचा हाये."

मी चहा पितो.

यंदा मात्र त्यांनी कहर केला. अंगणात कडुनिंबाखाली चांगला गार ओटा आहे, दर लढतीला आम्ही तिथंच बसायचो. या खेपेला भाऊंनी खुर्च्या उचलून घराच्या बाजूला, खिडकीखाली मांडल्या. शेजारून नाली वाहते. मच्छरांनी माझे पाय फोडून काढले.

"इथं काय आहे, भाऊ?"

"इथं हवा येते."

हवा कसली, वास येत होता. त्यात भाऊंचा आवाज. जन्मभर भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत ओरडलेला माणूस, तो माझ्यापासून दोन फुटांवर त्याच पट्टीत बोलायचा. वर मलाच सांगायचा, "तुमीबी जोरानं बोला. दमानं बोललेला मुद्दा, मुद्दा नसते."

मग मीही एके दिवशी चिडून जोरानं बोललो. शाळेत दोन तास जादा झालेले, डोकं ठणकत होतं. म्हटलं, "तीन डाव उरलेत आणि तुमचा माणूस दोन गुणांनी मागे आहे. पुढं जायचं तर तिन्ही जिंकायला हवेत. या जगज्जेत्याला त्यानं आजवर एकदाही हरवलेलं नाही. कुठं थांबावं हे माणसाला कळायला पाहिजे, भाऊ. याला हिंमत नाही म्हणत, वर्षं वाया घालवणं म्हणतात!"

तेवढ्यात त्यांची मुलगी अर्चना चहा घेऊन आली. ती कितीतरी वर्षं स्पर्धा परीक्षा देते आहे. पाच वेळा थोडक्यात राहिली. कप ठेवत ती म्हणाली, "काका, तुमचंच बरोबर हाये," आणि आत गेली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत भाऊंच्या घरातून माझ्या बाजूनं पडलेलं ते पहिलं मत होतं.

निघालो तेव्हा भाऊ फाटकापर्यंत आले. आणि इतका हळू आवाज मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.

"मास्तर, उद्या माह्याशी हारसान का?"

मला कळेना.

"अर्चनाचा हा शेवटचा चान्स हाये. पुढच्या वर्षी वय बसत नाही. फारमची तारीख परवा संपते, अन् ते भरतच नाही म्हणते. मी सांगतो, त म्हणते बाप हाये, तो असाच बोलन. तुमी गणिताचे मास्तर. तुमच्यासारख्याले पटलं, हे तिच्या कानावर गेलं त..." त्यांनी घराच्या बाजूला बोट केलं. "ते खिडकी तिचीच हाये."

मी रस्ता ओलांडून घरी आलो. जेवण गेलं नाही. इतके दिवस मी त्या खिडकीतून काय काय आत टाकलं होतं, ते एकेक वाक्य आठवत होतं. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी वादात हरलो. फार वाईट हरलो. "वा! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं!" असं मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, की समोर आमच्या दारात माझी बायको येऊन उभी राहिली. भाऊही उगाच पुनःपुन्हा विचारत होते, "मंग पटलं न तुमाले?"

अर्चना बाहेर आली. आज चहा नव्हता. पायरीवर बसली.

"काका, तुमाले खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. भाऊंनी मान खाली घातली. तिनं पटावरचा राजा उचलला, बोटांत फिरवला. "याची उडी खरंच बाकी असते का?"

खरा नियम तिला ठाऊक होता. आमची भांडणं ऐकतच ती मोठी झाली. मी आयुष्यभर चुकीच्या उत्तरांवर लाल रेघा मारलेला माणूस.

"असते," मी म्हणालो. "एकदाच असते. पण असते."

तिनं राजा परत ठेवला आणि आत गेली.

दोन दिवसांनी पेपरात आलं, आव्हानवीर हरला. लढत संपली. भाऊंकडे जायला पाय उचलेना, तरी शाळेतून आल्यावर आपणहून गेलो. खिडकीखाली कोणीच नव्हतं. खुर्च्या कडुनिंबाखाली, पट ओट्यावर मांडलेला.

"भाऊ! आज इकडं कसं काय?"

भाऊंनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला न, मास्तर," ते कुजबुजले. "पोरगी अभ्यास करून राह्यली."