बू तार्विया आठ दिवस जेवल्या नाहीत

पोषणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या वेनिंगने घरमालकिणीच्या मोबाइलवर एक फॉर्म पाठवला आणि ती आंघोळीला निघून गेली. सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला.

विडाग्दो सरांनी वर्गाला इंटरनेटवरच्या सतरा उपयुक्त ठिकाणांची यादी दिली होती. वेनिंगने ती मोठ्या श्रद्धेने जपून ठेवली होती. उघडून बघण्याइतकी अश्रद्धा तिच्यात नव्हती. पण सरांचा हा विषय तिचा एकदा राहिला होता. पुन्हा राहिला तर इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली उमेदवारी हातची जाणार आणि अख्खं वर्ष पाण्यात. दुपारी बाराच्या आत कोणा एकाच्या दिवसभराच्या आहाराची नोंद पाठवायची होती आणि साडेअकरा वाजून गेले होते. यादीतल्या चौथ्या ठिकाणी आयता फॉर्म मिळाला. माणूसही घरातच आयतं होतं. जावा बेटावरच्या पुर्वोकर्तो गावातल्या एका गल्लीत मुलींना खोल्या भाड्याने देणाऱ्या बू तार्विया, वय एकसष्ट, वजन ब्याऐंशी किलो. तिकडे थोरल्या बाईला बू म्हणतात आणि थोरल्या पुरुषाला पाक.

"बू, एवढं भरून द्या ना. पण खरं खरं लिहा हं!"

"मी कशाला खोटं लिहू? मला काय परीक्षा द्यायचीय?"

फॉर्ममधला पहिला प्रश्न होता, 'आज जेवलात का?' बू जेवल्या नव्हत्या. गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी भात सोडला होता. आणि भात पोटात गेला नाही तर पुर्वोकर्तोत त्याला कोणी जेवण म्हणत नाही. सकाळपासून त्यांनी वाडगाभर नूडल्स, आंबवलेल्या सोयाबीनच्या टेंपेची चार मऊ मेंदोआन भजी, कसाव्याच्या दोन वड्या आणि तीन चमचे साखरेची कॉफी घेतली होती, पण ते झालं खाणं. 'नाही,' बूंनी दाबलं. 'शेवटचं कधी जेवलात?' बूंनी बोटं मोजून लिहिलं, 'आठ दिवसांपूर्वी.' यंत्र बिचारं सरळ मनाचं. जे माणूस जेवलंच नाही, त्याला काय काय जेवलात हे विचारणं त्याला बरं वाटलं नाही. उरलेले सगळे प्रश्न गाळून त्याने बूंचे आभार मानले.

"झालंसुद्धा?" बू खूश झाल्या. "चांगला सुटसुटीत आहे गं तुमचा अभ्यास!"

बाराला दोन मिनिटं कमी असताना वेनिंगने ओल्या केसांनी, न बघता, तो फॉर्म पाठवून दिला.

सरांनी तो दोन वाजता उघडला आणि ते खुर्चीतून उठलेच. त्यांनी ताबडतोब गल्लीचे प्रमुख पाक दार्सो यांना फोन लावला. पाक दार्सोंनी मागच्याच महिन्यात गल्लीच्या तोंडाशी 'निरोगी गल्ली' अशी पाटी स्वतः उभं राहून लावून घेतली होती.

"उपाशी? आमच्या बू तार्विया? अहो, सकाळीच मी त्यांना विचारलं, जेवलात का? तर म्हणाल्या, अजून नाही."

"आणि काल?"

"कालही नाहीच म्हणाल्या. मी रोज विचारतो हो, सर. रोज नाहीच म्हणतात." पाक दार्सोंना ती पाटी आठवली. "मला वाटायचं, सहज म्हणतायत!"

पाक दार्सोंनी दारोदार जाऊन सांगितलं आणि चार वाजेपर्यंत बूंच्या ओसरीवर भाताचे अकरा डबे आले. एवढा भात घरी एकदम आला की बूंच्या मनात एकच शंका येई.

"कोण गेलं गं?" त्यांनी शेजारच्या बू कास्मिनींना घाबरून विचारलं.

"कोणी गेलं नाही. तुम्ही जाऊ नये म्हणून आणलाय!" बू कास्मिनींनी डोळ्यांना ओढणी लावली. "आम्हाला परकं समजलात ना? एका शब्दानं बोलला नाहीत!"

"बोलू काय? तोंडात भजं आहे!"

तेवढ्यात सर येऊन पोचले. आलेल्या माणसाला रिकाम्या पोटी बोलू देण्याची बूंची रीत नव्हती. त्यांनी नूडल्स पुढे केल्या, भजी पुढे केली. उपाशी बाईच्या तोंडचा घास आपण खातोय, या विचाराने सरांना फार वाईट वाटलं. तशा वाईट मनाने त्यांनी पाच भजी खाल्ली. मग त्यांचं लक्ष गेलं, तर बू सहावं खात होत्या.

"बू, तुम्ही आठ दिवस जेवला नाहीत म्हणे?"

"नाही ना. उद्या नऊ होतील."

"मग हे काय चाललंय?"

"हे होय? हे आपलं तोंडात टाकायला."

सरांनी हळूहळू मान वळवली. दाराआड वेनिंग उभी होती.

"इकडे ये. हा फॉर्म तू वाचलास तरी का? यंत्राला कळत नाही हे मी समजू शकतो. पण तुझा जन्म इथला ना? जेवण कशाला म्हणतात आणि खाणं कशाला, हे विचारायला नको? या विषयात तू नापास आहेस."

वेनिंगचे डोळे भरून आले. इस्पितळ गेलं, वर्ष गेलं, आता घरी काय सांगायचं ते तिला सुचेना. बूंना तिचं वाईट वाटलं आणि सरांचंही.

"रागावू नका हो, सर. उपाशीपोटी असा राग येतोच. तुम्ही तरी जेवलात का?"

"कुठलं जेवण! सकाळपासून वेळच..." सर बोलता बोलता थांबले.

वेनिंगने नाक पुसलं. वही काढली.

"सकाळपासून काय काय घेतलंत, सर?"

सरांनी तोंड पुसलं. मग खरं बोलणारा माणूस असल्यामुळे एकेक सांगत गेले. घरी ब्रेड आणि अंडी. बैठकीत केळ्याची भजी. मग बाजूच्या टपरीवर मीटबॉलचं सूप. मग इथलं. वेनिंगने चौथं ठिकाण पुन्हा उघडून, या वेळी वाचून, बेरीज केली.

"दोन हजार तीनशे कॅलरी. आणि अजून जेवण नाही." ती अदबीने म्हणाली, "सर, एक नोंद चुकली तर तिच्या जागी दुसऱ्या माणसाची देता येते ना?"

"येते."

"मग ही देऊ? पुरुष, वय चौपन्न, व्यवसाय पोषणशास्त्राचे प्राध्यापक."

सरांनी अकरा डब्यांकडे पाहिलं, त्यातला एक पुढे ओढला आणि झाकण उघडलं.

"पास करतो," ते भात कालवत म्हणाले. "व्यवसाय सुतार लिही."