निशिगंधाच्या रायफलीला सायकलचा पंप

आवाज बंद करणं या विषयात मला कोणी शिकवू नये! करकरणारं दार मी गप्प केलंय, टपटपणारा नळ मी गप्प केलाय. आमची डोअरबेल तर मी इतकी झकास दुरुस्त केली, की ती आजतागायत वाजलेली नाही!

त्यामुळे सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्र यांचा फोन आला तेव्हा मी जराही डगमगलो नाही.

"ईश्वरभाऊ, खालच्या हंसाबेनची कम्प्लेंट आहे. तुमच्या घरातून आवाज येतो, त्यांची झोप होत नाही. रविवारी मीटिंगला विषय घेतोय."

आवाज कसला, हे विचारायची गरजच नव्हती. आमची निशिगंधा एअर रायफल मारते. रविवारीच तिची जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि क्लबच्या राजश्री मॅडमनी मोठ्या विश्वासानं रायफल घरी न्यायला दिली होती. बेव्हर्ली पार्कच्या फ्लॅटमध्ये दहा मीटर आणायचे कुठून? तर किचनच्या खिडकीला पाठ टेकून उभं राहिलं, की पॅसेजमधून बेडरूमच्या भिंतीपर्यंत कसेबसे भरतात. भिंतीशी लोखंडी पेटी, पेटीत टार्गेटचं कार्ड. पोरगी दुपारी कॉलेजातून आली की सुरू! तेवढा वेळ बाथरूममधून कोणी बाहेर यायचं नाही. एकदा माझे साडूभाऊ तासभर आत बसून होते, बिचारे!

आणि हंसाबेन वामकुक्षी घेतात ती दुपारीच. झालं की नाही सरळ गणित?

"कमिटीनं प्रॅक्टिस बंद करायला लावली तर?" निशिगंधाचा चेहरा एवढासा झाला. "बाबा, क्लबात रोज लेन मिळत नाही."

"तुझा बाप आहे ना अजून!"

मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. रायफलीच्या तोंडाला काय काय लावतात! कोणी वजन लावतं, कोणी नळी लावतं. आवाज कमी होतो आणि नेम सुधारतो, असं तो माणूस सांगत होता. व्हिडिओ मी अर्धाच पाहिला. उरलेल्या अर्ध्यात काय होतं ते पुढे कळलंच.

सायकलच्या जुन्या पंपाची नळी घेतली, आत माझ्या उशीतला फोम कोंबला आणि गॅसच्या पाइपची क्लिप लावून सगळं रायफलीच्या तोंडाशी आवळलं.

"वाकडं दिसतंय," वैजयंता म्हणाली. बायकोला माझं कुठलंही काम वाकडंच दिसतं.

"तुला दिसतंय. छर्ऱ्याला थोडंच दिसणार आहे?"

निशिगंधानं पहिला छर्रा मारला. आवाज? उशीवर चापट मारावी तेवढा! मी पॅसेजमध्येच नाचलो.

"बाबा, कार्डावर भोकच नाही."

"मध्यावर लागला असेल. नीट बघ!"

दुसरा छर्रा पेटीच्या कडेला लागला. तिसऱ्याच्या वेळी खळ्ळकन आवाज झाला. शेजारी माझा फोटो होता, ऑफिसात शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता तो. काच फुटली आणि छर्रा थेट माझ्या नाकावर!

"माझा हात हलतोय," निशिगंधा रडवेली झाली. "परवापर्यंत छर्रे मधल्या दहाला लागत होते!"

इथे मी नळी काढायला हवी होती. मी काय केलं? श्वास कसा रोखावा यावर भाषण दिलं! मग म्हटलं, मागची साइट, म्हणजे नेम धरायचं भोक, त्याचा स्क्रू फिरव. तिनं बापावर विश्वास ठेवून फिरवली. आणखी फिरवली. तीन दिवसांत साइट पार टोकाला गेली, तेव्हा कुठे छर्रे कार्डावर यायला लागले. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

शनिवारी भाईंदर पश्चिमेला क्लबात मॅडमनी रायफल पाहिली.

"हे काय आहे?"

"पंप," निशिगंधा म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच भेटली. "अहो, पुढचं वजन वाढलं की तिचा सगळा तोल बदलतो. त्यात नळी वाकडी. प्रत्येक छर्रा जाता जाता कडेला घासतोय! पोरीचा हात एकदम बरोबर आहे. ती बिचारी तीन दिवस तुमची चूक दुरुस्त करतेय!"

नळी काढली. पण साइट आता नळीच्या हिशोबानं बसलेली! छर्रे निघाले थेट दुसऱ्या टोकाला. चाचणी दुसऱ्या दिवशी, आणि पोरगी डोळे पुसत साइट एकेक घर उलटी फिरवत बसली. मला फार वाईट वाटलं. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही उद्या येऊ नका."

म्हणून रविवारी पोरगी चाचणीला आणि मी सोसायटीच्या मीटिंगला! मी उभा राहिलो आणि रायफल, कष्ट, जिल्हा, राज्य, देश असं सगळं बोललो.

हंसाबेन चकित! "अरे ईश्वरभाई, छोकरी की बंदूक का किसने बोला? वो टप-टप तो मेरे को अच्छी लगती है, सुनते-सुनते नींद आ जाती है! इस हफ्ते आवाज नहीं आई, तो मैं ऊपर पूछने आने वाली थी, तबियत तो ठीक है ना उसकी?"

"मग कम्प्लेंट कसली?" जितेंद्रनी विचारलं.

"इनके खर्राटे की! रात को ऐसी घरघर, मेरे पलंग का पाया हिलता है!"

सगळी मीटिंग हसत असताना माझा फोन वाजला. निशिगंधा!

"बाबा, झालं सिलेक्शन! निवडलेल्यांत शेवटून दुसरी आले, पण झालं!"

सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या हंसाबेननी. संध्याकाळी सुखडीच्या वड्यांचा डबा घेऊन वर आल्या. डबा निशिगंधाला दिला आणि टेबलावर पडलेली पंपाची नळी उचलून मला. "ये आप रखो. मुँह पे लगाने के काम आएगी!"

कमिटीच्या ठरावानुसार मी आता किचनमध्ये झोपतो. खिडकीखाली, निशिगंधा जिथे उभी राहते तिथेच. हंसाबेनचा पलंग आमच्या टार्गेटच्या बरोबर खाली. काल त्या लिफ्टमध्ये भेटल्या. डोळे लाल! म्हणजे पॅसेज, भिंत आणि स्लॅब पार करून माझा आवाज अजून थेट त्यांच्या उशीवर लागतोय.

मॅडमना एकदा विचारायला हवं. दहा मीटरवरून रोज एकाच जागी, आणि तेही तोंडाला काहीही न लावता!