काडीनं मान हलवली

आदितीच्या प्रबंधाचा सगळा भार दोन काड्यांवर होता आणि त्या काड्या डोळ्यांना दिसत नव्हत्या. केसाच्या हजाराव्या भागाएवढी ती यंत्रं. दोघींमध्ये ना वायर, ना वीज. एक हलली की तिच्या धक्क्यानं दुसरीनं हलायचं, बाकावर शेजारच्याला कोपरानं डिवचावं तसं. आज ते परीक्षक मॅडमना दाखवायचं होतं. जमलं तर पदवी, नाहीतर चार वर्षं पाण्यात.

पहिली काडी सुरू करायच्या आधीच संगणकाच्या पडद्यावर दुसरी मान हलवायला लागली.

"पहिली बोललीच नाही, मग ही कुणाला हो म्हणतेय?" मॅडमनी विचारलं.

बाहेरचा कसला तरी धक्का बसत असणार, आदितीनं ताडलं. तिनं पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. गाइड विश्वजित सरांना पाय हलवायची सवय. त्यांना तो दोन्ही हातांनी धरून बसायला सांगितलं. दुसरी आपली हलतेच आहे. शेवटी ती बाहेर धावली. मागच्या गल्लीत संध्याकाळचा दूधकट्टा भरला होता. लोक पेले घेऊन धारोष्ण दुधाची वाट बघत होते आणि केरबाची म्हैस प्रयोगशाळेच्या भिंतीला निवांत पाठ घासत होती.

"केरबामामा, म्हैस जरा लांब बांधा की. आत यंत्रं बोलायला लागल्यात."

"काय म्हणत्यात?"

"तेच कळंना झालंय."

"मग हिच्यावर का घसरतीस? ही तर गप हाय."

तरी बिचाऱ्यानं म्हैस पलीकडं नेली. पडदा शांत झाला. आदितीनं पहिली काडी सुरू केली. दुसरी ढिम्म. पुन्हा सुरू केली, तरी ढिम्म.

मॅडमनी चष्मा पुसला. "हे प्रयोग तुम्ही कधी करायचात?"

"संध्याकाळी. दिवसा इथं वर्ग असतात."

"आणि निकाल कधीपासून चांगले यायला लागले?"

"दिवाळीपासून."

"आमची म्हैस बी दिवाळीतच आणली की," खिडकीतून डोकावत केरबा म्हणाला.

आदितीच्या ध्यानात आलं. प्रबंधातले ते देखणे आलेख सगळे म्हशीच्या पाठीचे होते. "आलोच," म्हणून सर बाहेर सटकले.

थोड्या वेळानं पडदा पुन्हा नाचायला लागला.

"बघा मॅडम, बोलतायत," आदितीच्या जिवात जीव आला.

मॅडम पडद्यावर वाकल्या. "ठेका वेगळा आहे. ही म्हैस नाही."

आदितीनं खिडकीतून पाहिलं. म्हैस लांब रवंथ करत उभी होती. भिंतीला विश्वजित सर पाठ घासत होते. गप्प बसावं असं तिला क्षणभर फार वाटलं, पण तोंडातून खोटं निघेना.

"मॅडम, ते आमचे गाइड आहेत," ती रडवेली होऊन म्हणाली.

मॅडमनी पडद्यावरचे दोन्ही ठेके ताडून पाहिले. मग म्हणाल्या, "तुमची पहिली काडी बंदच पडलेली आहे. पण भिंतीपलीकडची म्हैस कुठली आणि प्राध्यापक कुठला, हे दुसरीला कळतं. असं कान लावणारं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही. बोलण्याचं सोडा, ऐकण्यावर प्रबंध लिहून आणा. मी मंजूर करते."

आदितीला हसावं की रडावं कळेना. ती सरांना हाक मारायला खिडकीकडं वळली.

"थांबवू नका त्यांना," मॅडम पेन काढत म्हणाल्या. "नोंद पुरी व्हायची आहे."