कार्डले मर्यादा शे

देवपूरचे मुरलीधरनाना नवी ओळख करून घेण्याआधी जुन्यांतली एक कमी करतात. मी शिक्षण संस्थेच्या जनसंपर्क कार्यालयात रुजू झालो, तेव्हा त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "बसा. तुमच्यासाठी इस्त्रीवाला सोडला."

इस्त्रीवाल्याला याची कल्पना नव्हती. तो अजूनही रस्त्यात रामराम करतो. नाना नाइलाजाने मान फिरवतात.

नाना संस्थेच्या संगणक केंद्राचे प्रमुख. केंद्रात माणसं दोनच असल्यामुळे प्रमुखपणाचा त्रास नाही. जागेअभावी माझं टेबल त्यांच्याच खोलीत आहे. तिथे एक मोठी पेटी आहे. तिच्या कप्प्यांत फडताळातल्या पुस्तकांसारखे उभे सर्व्हर सरकवलेले असतात. त्यांना ब्लेड सर्व्हर म्हणतात. ब्लेडमध्ये नेटवर्कचं खरं कार्ड एकच, पण त्यातून बरीच आभासी कार्डं पाडता येतात. नाना त्यांना दारं म्हणतात. किती दारं पाडता येतील, हे पेटीतून वरच्या स्विचकडे किती केबली जातात त्यावर ठरतं. त्यापुढे एकही जादा मागितलं, की यंत्र नकार देतं.

"नकार देतं, पण तोंड वाकडं करत नाही," नाना म्हणतात. "भावकीत हे जमत नाही."

हा नियम त्यांनी आयुष्याला लावला. कुणी लग्नाची पत्रिका आणली, की त्यांच्या बोलीत "कार्डले मर्यादा शे", म्हणजे कार्डाला मर्यादा आहे. भरीत पार्टीचं बोलावणं आलं, तरी तेच. सख्ख्या मेहुण्याने एकदा विचारलं, "नाना, मी अजून आहे ना?" नाना म्हणाले, "आहात. पण हलू नका."

पत्नी गेल्यापासून घरी ते एकटेच असतात. मुलगी नाशिकला आहे, तिचा फोन रविवारी येतो. बाकी दिवसांचा एकच फोन ठरलेला, आणि तो नाना करतात. सकाळी केंद्र उघडलं, की साक्रीच्या शाखेत. तिथल्या कार्यालयात सुमनअक्का आहेत. शाखेचं कुलूप उघडण्यापासून घंटा देण्यापर्यंत सगळं त्याच बघतात. कार्यालयात नेटवर्कची एक छोटी पेटी आहे, तिच्यावर दिवा.

"अक्का, दिवा हिरवा शे का?"

"शे ना भाऊ. हिरवागार."

"लुकलुकस का?"

"लुकलुकस. आठे थंडी बी शे."

तिथून बोलणं अक्कांच्या गुडघ्यावर जातं, मग नानांच्या भाजीवर. भाजीत मीठ जास्त पडलं, हे नाना फक्त साक्रीला कळवतात. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.

यंदा संस्थेचं जळगावला नवं महाविद्यालय सुरू झालं आणि त्याला दार हवं झालं. दारं संपली होती. नानांनी प्रत्येक शाखेला स्वतंत्र दिलं होतं. आणखी केबली टाकाव्यात, तर वरच्या स्विचमध्ये जागा नव्हती आणि नव्या स्विचला मंजुरी नव्हती. बाहेरून एक इंजिनीअर बोलावला. मुलगा शांत होता.

"नाना, साक्री आणि पारोळा एकाच दारातून नेता येतील."

"एका ताटात दोन जावा जेवल्या का कधी?"

"आत पडदा टाकता येतो, नाना. एकमेकींना दिसणार नाहीत."

पडदा टाकता येतो हे नानांना माहीत होतं.

"साक्रीची ती छोटी पेटीही मग लागणार नाही," मुलगा म्हणाला. "तसंही तिचा दिवा इथे संगणकावर दिसतोच. तुम्ही रोज फोन का करता?"

"संगणकावर दिसतं ते यंत्राचं म्हणणं. माणसाचं वेगळं घ्यावं लागतं."

वर्तमानपत्रात याला दुजोरा घेणं म्हणतात.

मुलगा चहाला गेल्यावर नानांनी मला विचारलं, "दिवाच नसला, तर सकाळी फोन कशासाठी करू?"

"सहज करा."

"सहज?" नाना म्हणाले. "सहज फोन आला की माणूस घाबरतो. कोण गेलं, असं वाटतं."

साक्रीचं दार त्यांनी स्वतःच काढलं, मुलाला हात लावू दिला नाही. मग अक्कांना फोन केला. उद्यापासून पेटी बंद, दिवा लागणार नाही, काळजी करू नका. अक्का "बरं भाऊ" म्हणाल्या. फोन मात्र कुणीच ठेवला नाही. शेवटी साक्रीची घंटा द्यायची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी नानांनी केंद्र उघडलं. कीबोर्ड पुसला. मग माझ्या टेबलावरचाही आणून पुसला. जळगावचं काम सुरळीत चालू असल्याचं त्यांनी मला न विचारता सांगितलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अक्का मोठ्याने बोलतात. माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होतं.

"भाऊ, दिवा लागी नही राह्यना."

"अक्का, काल सांगेल व्हतं ना. तुमनी शाखा आते पारोळाना दारमाईन जास."

"मी कसाले जाऊ पारोळाले?"

"तुम्ही नही. माहिती जास."

"मंग दिवा?"

नाना खुर्चीत नीट बसले. कार्डापासून सुरुवात केली. एका कार्डाची अनेक दारं कशी होतात, केबली किती, मर्यादा कुठे येते, पडदा कसा टाकतात, हे सगळं त्यांनी कुठेही घाई न करता सांगितलं. मध्ये अक्कांनी भाजीचं विचारलं. त्याचंही उत्तर दिलं. मर्यादेची गोष्ट त्यांनी संचालकांनाही इतकी सविस्तर सांगितली नव्हती.

"समजनं का अक्का?"

"नही समजनं भाऊ," अक्का म्हणाल्या. "सकाय परत सांगजो."