कांबळेकाकांचा दहा मार्च

दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला आमच्या शेजारच्या घरात दहा मार्च दोन हजार दोन ही तारीख उजाडायची. बाहेर पाऊस असो की गणपतीचे मांडव, बाबूराव कांबळे खुर्चीत बसले आणि त्यांनी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली तारीख मागं नेली, की आत मार्च सुरू. जवळजवळ वर्षभर हे चाललं होतं.

कारण साधं होतं. काकांना मराठीत पत्रं लिहायची होती. त्यासाठीचा प्रोग्राम त्यांना कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मिळाला होता. तो तीस दिवस चालायचा आणि मग नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय, फोन नंबर विचारणारा लांबलचक फॉर्म पुढं करायचा. प्रोग्राम विकत घ्यायला काकांची ना नव्हती, नाव सांगायला होती. "बावीस वर्षं मी लोकांची नावं लिवली. मला नाव इचारायचं न्हाय कुणी," असं ते त्या पडद्यालाच सांगायचे. मग त्यांनी स्वतःच तोडगा काढला. एकतिसावा दिवस उजाडूच द्यायचा नाही.

ही युक्ती दुसऱ्या कुणी केली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण काका शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत टाइमकीपर होते. दोन नंबरच्या गेटवर, काचेच्या खिडकीमागं. आठ वाजता आत तो हजर, आठ वाजून एक मिनिटाला आत तो लेट, आणि लेट लाल शाईत. उचगावातून सायकली हाणत जाणारी निम्मी गल्ली त्यांच्या नावानं बोटं मोडायची. एकदा त्यांचीच सायकल पंक्चर झाली, तेव्हा त्यांनी गेटवर पोचून आधी स्वतःच्या नावापुढं लाल शाईनं 'लेट' लिहिलं आणि मग घाम पुसला. आमच्या घरी आले की ते प्रथम भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचे. ते चार मिनिटं मागं असायचं. स्टूल ओढून, वर चढून, काटा पुढं सारून मगच ते चहाला बसायचे. पुढच्या वेळेपर्यंत घड्याळ पुन्हा आपल्या जागी.

पुढं गेटवर कार्ड पंच करायचं मशीन आलं आणि काका मुदतीआधीच घरी आले. निरोपाच्या दिवशी कंपनीनं त्यांना ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर दिला. "ह्येच्याच भावकीनं माझी खुर्ची घेतली," असं म्हणून त्यांनी तो रिक्षातून आणला आणि तेव्हापासून त्याच्यावर पाळत ठेवली. काम झालं की फोनची वायर उपसून खिळ्याला टांगायची, म्हणजे तिच्यातून कुणी आत यायला नको. पडद्यावर टॉवेल. ईमेलचं खातं उघडताना नाव विचारलं तर त्यांनी 'गेट नंबर दोन' असं दिलं. पासवर्ड घालायच्या वेळी ते मला भिंतीकडं तोंड करायला लावायचे आणि एका बोटानं अक्षरं शोधत, प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत तो टाइप करायचे. अर्ध्या गल्लीला तो पाठ होता.

मला त्या खोलीत प्रवेश होता, कारण मी शाळेत शिक्षक. शाळेला तीन कॉम्प्युटर मिळाले तेव्हा मला आठ दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं. तेवढ्या भांडवलावर गल्लीतला बिघडलेला मिक्सरसुद्धा माझ्याकडं यायचा. पण काका लिहीत असताना आत जायची परवानगी मलाही नव्हती. पत्रं कुणाला जातात हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी प्रोग्राम अडकला. माऊस हलेना, पत्र जाईना. काकांनी कुंपणावरून हाक मारली. गेलो, तर पडद्यावर टॉवेल घालायचं ते विसरले होते. पत्राची पहिली ओळ माझ्या नजरेला पडलीच. 'चि. सुजाता, तुझा सासरा पन्नास मिनिटं लेट होता आणि लेटच आहे.'

सुजाता त्यांची एकुलती मुलगी. ती पाचवीत असताना काकी गेल्या. त्यानंतर तिच्या वेण्या, डबा, शाळा, सगळं काकांनी पहिली पाळी सांभाळून केलं. तिच्या लग्नाला मी होतो. पत्रिकेत वेळ दुपारी बारा पस्तीस. सांगलीहून येणारा वरपक्षाचा टेंपो वाटेत बंद पडला. मंडळी घामाघूम होऊन हॉलवर पोचली, तर काकांनी माईकवरून जाहीर केलं, "वरपक्ष पन्नास मिनिटं लेट." लोक हसले. व्याही हसले नाहीत. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, जेवणं उठली, पण निघताना सुजातानं वडलांना एवढंच सांगितलं की आण्णा, तुम्ही मामंजींची माफी मागितल्याशिवाय मी उचगावात पाय ठेवणार नाही. मग ती पुण्याला गेली ती गेलीच.

कॉम्प्युटर मोकळा करता करता मी काकांकडून बाकीचं काढून घेतलं. फोन का करत नाही, तर फोनवर त्यांचा आवाज चढतो. पोस्टानं पत्र का नाही, तर सासरा पुण्यात तिच्याच घरी राहतो, ते आधी त्याच्या हातात पडणार. म्हणून तिच्या ऑफिसच्या ईमेलवर दर रविवारी एक पत्र. लाइट किंवा फोनची लाइन नसेल तेवढाच रविवार रिकामा. "एकाचं उत्तर न्हाय," काका म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते. वायरीचं टोक बोटाला गुंडाळत होते. मला वाईट वाटलं, आणि त्यांच्या मुलीचा थोडा रागही आला.

तेवढ्यात ते अडकलेलं पत्रही गेलं. खात्री म्हणून मी त्यांना एक पत्र माझ्या शाळेच्या ईमेलवर पाठवायला लावलं. सोमवारी शाळेत बघतो तर काही आलेलं नाही. मंगळवारीही नाही. काका म्हणत होते, पाठवलंय. शेवटी मी चिडून ईमेलचा सगळा डबा खालपर्यंत उपसला. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये, ट्रेनिंगच्या सूचनांच्या मध्ये, 'गेट नंबर दोन' शांतपणे बसलेला होता.

कॉम्प्युटर पत्रावर आपल्या घड्याळाची तारीख घालून देतो आणि पलीकडं ते त्याच तारखेला जाऊन पडतं. हे मी संध्याकाळी काकांना समजावून सांगितलं. पुण्यात नवीन पत्रं वर येत राहिली आणि काकांची पत्रं थेट तळाशी, जिथं कुणी बघत नाही तिथं जात राहिली. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे पोरगी गप्प बसली न्हाय?"

मी म्हटलं, तिला मिळालीच नाहीत.

"मीच लेट," काका म्हणाले.

पुण्याचा नंबर त्यांना पाठ होता, पण फोन मीच करायचा असं ठरलं. सुजाताला गेल्या वर्षीचा मार्च उघडून बघायला सांगितलं. ती घाईत होती, बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा आमच्या घरी फोन आला. म्हणाली, एक्केचाळीस पत्रं हायत सर. सगळ्यांवर दहा मार्च आणि सगळ्यांवर सकाळचे दहा. एकात मामंजींची हात जोडून माफी मागितलीय. दुसऱ्यात तेच मामंजी लेट कसे, ते मिनिटं मोजून सांगितलंय. एकात नुसतं विचारलंय, तिकडं भाकरीचं पीठ चांगलं मिळतं का. कुठलं आधी, कुठलं मागनं, काही कळत न्हाय. माफीचं मामंजींना दाखवीन म्हणते, पण आण्णांचं मन त्यानंतर फिरलं असलं तर काय उपयोग.

"शेवटचं कुठलं, तेवढं आण्णांना विचारा की," ती म्हणाली.

काका दारातच उभे होते. फोनची रिंग त्यांनी कुंपणापलीकडून ऐकली होती. मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि सुजाताचा प्रश्न त्यांना सांगितला.

शेवटचं पत्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्यातली पहिली ओळ अजून माझ्या डोक्यात होती. मी ती बघितली हे काकांनाही ठाऊक होतं. ते घटकाभर चपलांकडं बघत राहिले.

"माफीचं," ते म्हणाले. "माफीचं शेवटचं. बाकीची सगळी आधीची, म्हणून सांगा."

मी तसंच सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, रविवारी आम्ही दोघं आणि मामंजी, तिघंही येतो.

मी ते काकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. किती वाजता पोचणार, हे त्यांनी विचारलं नाही. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या डोक्यावरच होतं, चार मिनिटं मागं. त्यांनी वर बघितलं, स्टूल न ओढताच चपला घातल्या आणि ते घरी गेले.