खाकरून वावरात

आमच्या शेजारचे महादूकाका स्वतःच्याच वावरात शिरण्याआधी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून दोनदा खाकरत. आमच्याकडे घरात लेकीसुना असल्या की वडीलधारा माणूस दारातच असा खाकरतो. बायांना पदर सावरायला तेवढाच वेळ मिळतो. पण वावरात कुठल्या सुना आल्या?

"हाये ना," काका म्हणत. "तनमोराची मादी अंड्यावर बसून राह्यली. धाडकन कसं जावं तिच्या घरात?"

किन्हीराजा गावाच्या वाटेवरचं हे वावर म्हणजे कमरेइतकं गवत. सारा गाव कपाशीची पऱ्हाटी पेरी, काका गवत राखत. पावसाळ्यात तिथे तणमोर यायचे, कोंबडीएवढी लाजाळू पाखरं. पुतण्या शंकर मात्र नांगर परजूनच बसलेला.

"काका, पाखराईले पोसता, मंग मले काहून नाही?"

"तुले हात हायेत, बाप्पा."

आपण डोळे मिटले की दुसऱ्याच दिवशी नांगर फिरणार, ही काकांची धास्ती. म्हणून त्यांनी वावर आपल्यामागे एका जीवदया संस्थेला द्यायचं ठरवलं. संस्थेचे शेठजी शिरपूरच्या जैन मंदिरात दर्शनाला येत. ते म्हणाले, "आम्ही गाई सांभाळतो. पाखरू डोळ्यांनी दाखवा, मग बघू."

देशातली पहिली निवडणूक होऊन गेली होती, त्यानंतरच्या श्रावणात शेठजींची बैलांची दमणी धुऱ्याला लागली. गावचा मास्तर म्हणून काकांनी मलाही ओढून नेलं. शंकर आपणहून आला होता आणि खुशीत होता, कारण दोन दिवस पाखरू कुणालाच दिसलं नव्हतं.

काकांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "खाकरा."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी निमूट खाकरलो. मग शेठजी खाकरले, गाडीवान खाकरला. वाटेने जाणाऱ्या एकाने विचारलं, "गावात साथ आली काय, मास्तर?"

गवत ढिम्म. शंकर हसू दाबू लागला. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि उसळला की हो! काळापांढरा तणमोर गवतातून सरळ वर आला, पंख फडफडवले आणि टपकन खाली गेला. पुन्हा वर. शेठजींची टोपी पडली, तिचं भान कुणाला? "अजून एकदा, अजून एकदा," म्हणत तो भारदस्त माणूस पोरासारखा टाचा उंचावत होता. मीही नाचलो. शंकरसुद्धा हसणं विसरून बघत राहिला.

शेठजींनी तिथेच शब्द दिला. गवतात नांगर नाही, आणि पाखरं गेल्याशिवाय विळाही नाही.

मी काकांना घरी सोडायला गेलो. काका न खाकरताच आत शिरले. खुशीच्या भरात मी थट्टा केली, "काका, इथं काहून नाही खाकरत?"

"इथं कोनाले पदर घ्या लागते, मास्तर?"

चूल थंड होती. काकू पहिल्या बाळंतपणातच गेल्या होत्या, मूलही राहिलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, तरी मी विचारून बसलो.

मी त्यांना तसंच जेवायला आमच्या घरी आणलं. दारात काका थबकले आणि सवयीने दोनदा खाकरले. आत बांगड्या वाजल्या. डोक्यावर पदर घेत आमची ही सासऱ्याला म्हणावं तसं म्हणाली, "या मामाजी."

काका आत आलेच नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून, आतल्या बांगड्यांकडे कान लावून त्यांनी पुन्हा एकदा खाकरून पाहिलं.